२४ एचपीच्या ट्रॅक्टरला घरगुती ग्रॅपल : ओंडके ओढायची पकड, प्लॅन तपासून हवा

बांधावरचा_निफाड
द्राक्षबागेतला २४ एचपीचा फोर बाय फोर ट्रॅक्टर आहे, पुढे लोडर नाही. बांधावरची सुबाभूळ आणि निलगिरी तोडून ओंडके बागेच्या कडेने रस्त्यापर्यंत आणायचे आहेत. जाडी २० ते ३५ सेंमी, लांबी ८ ते १० फूट. प्लॅन असा: थ्री पॉइंटवर (अवजार जोडायच्या मागच्या तीन हातांवर) मागे एक मीटरचा बूम (मागे निघालेला दांडा), त्याला लटकता दोन जबड्यांचा ग्रॅपल. सिलिंडर ५० बोअर (आतला व्यास), ३० रॉड, २५० स्ट्रोक (रॉडची धाव), सगळं मिमीत. दोन जबड्यांच्या मुख्य पिना एकमेकींपासून १२० मिमीवर. जबडे ट्रकच्या जुन्या पाट्याचे (स्प्रिंगच्या पट्टीचे). पत्रकात लिफ्टची क्षमता ७५० किलो दिली आहे. हायड्रॉलिकला फक्त ट्रॉलीची टिपिंग लाइन आहे. यात कुठे गडबड होईल ते सांगा, मग प्लेट कापायला टाकतो.

सातपूर_फॅब
आधी बूम काढून टाका, बाकीचं नंतर बोलू.

७५० किलो हा आकडा लोअर लिंकच्या (थ्री पॉइंटच्या खालच्या हातांच्या) टोकाचा असतो. पण तुमची अडचण लिफ्टची नाही, पुढच्या चाकांची आहे. हिशोब करा. ट्रॅक्टर १००० किलो, त्यातले पुढे ४०० धरा. व्हीलबेस १.४५ मीटर. मागच्या एक्सलपासून लिंकचं टोक ०.८ मीटर. ३५ सेंमी जाड, ३ मीटर लांब ओंडका म्हणजे ०.२९ घनमीटर. ओली निलगिरी घनमीटरला टनाच्या आसपास जाते, म्हणजे ३०० किलो. तो बूमवर पूर्ण उचलला तर ३०० किलो × १.८ मीटर = ५४०. बूम-ग्रॅपलचं १२० किलो वजन सरासरी १.३ मीटरवर धरलं तर आणखी १५६. मिळून जवळपास ७००. त्याला १.४५ ने भागा, पुढून ४८० किलो कमी होतात. पुढे आहेतच ४००. म्हणजे ओंडका जागेवर राहील आणि नाक वर जाईल.

आता बूमशिवाय बघा. पकड लिंकच्या टोकापासून ३० सेंमी मागे, ओंडक्याचं एकच टोक उचललेलं, दुसरं जमिनीवर. मागे येणारं वजन १५० अधिक पकडीचं ९०, म्हणजे २४० किलो. २४० × १.१ = २६४. पुढून १८२ जातात, २१८ उरतात. एकूण वजनाच्या निदान २० टक्के पुढच्या चाकांवर हवं, नाहीतर स्टेअरिंग हलकं पडतं. इथे साडेसतरा टक्के होतात. पुढच्या एक्सलच्या अर्धा मीटर पुढे ५० किलोची वजनं टाकली की चाकांवर ६७ किलो वाढतात आणि २२ टक्क्यांवर येता. हे जमतं.

आकडे उदाहरणाचे आहेत. तुमचा ट्रॅक्टर वजनकाट्यावर फक्त पुढची चाकं चढवून तोलून घ्या, पिंपळगाव-लासलगाव पट्ट्यात काट्यांची कमी नाही.

बांधावरचा_निफाड
बूम बाद. पण एक टोक जमिनीवर म्हणजे ओंडका माती ओढत येणार. काळ्या मातीत पावसाळ्यात काय होईल?

सातपूर_फॅब
पावसाळ्यात ओढूच नका. ओल्या काळ्या मातीत ओंडक्यापुढे गाळ साठतो, मागची चाकं गुळगुळीत होतात आणि बांधाची वाट लागते ती वेगळीच. वाफसा असेल तरच काम करा. बुंधा पुढे धरून ओढा म्हणजे फांद्यांचे खुंट मागे वळलेले राहतात, अडकत नाहीत. मात्र बुंध्याकडे वजन जास्त असतं, त्यामुळे वरच्या हिशोबात निम्म्याऐवजी ६० टक्के धरून पुढचं वजन ठरवा.

लेथ_आणि_लाकूड
आता पकडीच्या भूमितीवर येतो. १२० मिमीवर पिना ठेवल्या तर हा सिलिंडर बसणारच नाही.

तुमची रचना अशी दिसते: प्रत्येक जबडा म्हणजे मध्ये पिन असलेली तरफ. वरची दोन टोकं सिलिंडर बाहेर ढकलतो, खालची टोकं आत येतात. रचना चांगली आहे, कारण मिटताना पिस्टनची पूर्ण बाजू वापरली जाते. पण २५० स्ट्रोकचा सिलिंडर आखडलेला असतानाच पिन ते पिन ४२० मिमीच्या आसपास असतो, लांबला की ६७०. पिना १२० वर आणि वरचा हात २०० मिमीचा असेल, तर जबडे मिटताना प्रत्येक हाताचं टोक पिनेपासून २७५ मिमी बाहेर जायला हवं. २०० मिमीचा हात २७५ मिमी कसा जाईल?

असं करा. स्ट्रोक २०० घ्या. सिलिंडरची आखडलेली लांबी ३७०, लांबवलेली ५७०. मुख्य पिना ३५० मिमीवर. वरचा हात २०० मिमी, पिनेपासून खालच्या टोकापर्यंत सरळ रेषेत ४००. जबडे उघडे असताना वरचे हात जवळजवळ उभे असतात, मिटल्यावर साधारण ३३ अंश बाहेर झुकतात. टोकं प्रत्येकी २१० मिमी हलतात, म्हणजे एकूण ४२०. बंद असताना टोकांत ६० मिमी फट ठेवली तर तोंड ४८० पर्यंत उघडतं. ३५ सेंमीच्या ओंडक्याला पुरेसं आहे.

ताकद: ५० बोअरचं क्षेत्रफळ १९.६ चौ. सेंमी. १५० बारला साधारण २९०० किलो जोर. टोकावर सुरुवातीला त्याच्या निम्मा, पूर्ण मिटताना सव्वाबाराशे किलोच्या आसपास. यापेक्षा मोठा सिलिंडर घेऊ नका. जोर वाढला की प्लेट जाड लागते, प्लेट जाड झाली की वजन वाढतं, आणि वजन कुठे जातं ते वर सातपूरवाल्यांनी दाखवलंच आहे.

जबड्याचा आकार कार्डबोर्डवर १:१ कापून बघा. टोक ओंडक्याच्या मध्यरेषेच्या खाली यायला हवं. मध्यरेषेच्या वर टेकलं तर जितका दाब द्याल तितका ओंडका खाली निसटेल. ३५ सेंमी, २० सेंमी आणि बांबूची मोळी असे तीन गोल काढून तिन्हींवर कार्डबोर्ड फिरवा.

वर्कशॉप_दिंडोरी
पाट्याला नावं ठेवू नका राव. दिंडोरीत निम्मी अवजारं पाट्यावर चालतात. फणाला चालतो तर जबड्याला का नाही?

लेथ_आणि_लाकूड
फणाला पाटा बोल्टने बसवतात, वेल्ड करत नाहीत. फरक तिथेच आहे. पाटा कडक केलेलं स्प्रिंग स्टील असतं. त्यावर साध्या रॉडने बॉस (पिनेसाठीचं जाड कडं) वेल्ड केला की वेल्डशेजारची पट्टी ठिसूळ होते. वेल्ड शाबूत राहतो आणि त्याच्या बाजूने, दोन-तीन मिमी सोडून, पाटा काचेसारखा सरळ तुटतो. जबड्यावर सगळ्यात जास्त वाक नेमका मुख्य पिनेजवळ येतो आणि बॉस तिथेच असतो.

आयएस २०६२ ची साधी प्लेट घ्या, पाच सुती म्हणजे १६ मिमी. पिनेजवळ रुंदी १२० मिमीच्या खाली नको. २९०० किलो गुणिले २० सेंमी हा वाक झेलायला बॉसचं भोक वजा करून तेवढं लागतंच. टोकाकडे ५० मिमीपर्यंत निमुळतं चालेल. एक जबडा एकेरी १६ मिमीचा, दुसरा १२ मिमीच्या दोन प्लेटांचा, मध्ये ४० मिमी अंतर. मिटताना एकेरी जबडा दुहेरीच्या मधल्या जागेसमोर येतो, मोळीही पकडता येते. अंबड-सातपूरला ड्रॉइंग दिलं की प्रोफाइल कटिंग करून मिळतं. गॅस कटिंग हाताने केलंत तर कडा ग्राइंडरने साफ करा, कापलेल्या खाचेतूनच तडा सुरू होतो.

वर्कशॉप_दिंडोरी
ठीक, टोकाला तरी पाट्याचा तुकडा चालेल ना? बाभळीवर साधी प्लेट घासून बोथट होते.

लेथ_आणि_लाकूड
टोकाला हार्डफेसिंग (झीज न होणारा कडक वेल्ड देणाऱ्या) रॉडचे दोन-तीन थर आतल्या बाजूने द्या. पाट्याचाच तुकडा हवा असेल तर दोन १२ मिमी बोल्टने बसवा, बदलताही येईल.

सिन्नर_वेल्डर
वेल्डिंगबद्दल. मुख्य जोडांना ७०१८ रॉड, ३.१५ मिमी, साधारण ११० ते १३० अँपिअर. पुडा फोडून आठवडाभर उघडा पडलेला रॉड तसाच वापरू नका, ओव्हनमध्ये ३०० ते ३५० अंशांवर तासभर भाजून घ्या. ओलसर रॉडने वेल्ड वरून छान दिसतो, आतून सच्छिद्र होतो. सीओटू मशीन असेल तर उत्तमच. ६०१३ ने ब्रॅकेट, होज क्लॅम्प वगैरे करा, जबड्याला नको.

बॉस ईएन८ चा (मध्यम कार्बनच्या स्टीलचा) असेल तर वेल्डआधी दीडशे अंशांपर्यंत गरम करा आणि नंतर राखेत किंवा कोरड्या वाळूत हळू थंड होऊ द्या. पाणी मारू नका! सगळे बॉस टाके मारताना आत डमी पिन घाला, समोरासमोर थोडं थोडं वेल्ड करा. बॉसचं अंतिम बोअर वेल्डिंगनंतरच लेथवर करून घ्या. आधी ३० चं बोअर करून वेल्ड केलं की ते आक्रसतं, मग लोक पिन हातोड्याने मारतात आणि बुश तिथेच मरतो.

मुख्य पिना ३० मिमी ईएन८, सिलिंडरच्या २५. गनमेटल बुश, ग्रीस निपल. पिनेला एका बाजूने कान वेल्ड करून १० मिमीच्या बोल्टने प्लेटला बांधा. नाहीतर पिन बुशमध्ये न फिरता प्लेटमध्ये फिरते आणि भोक अंडाकृती होतं.

पेठरोड_७१
दोन्ही जबडे एकत्र हलवायला काय करणार? एक सिलिंडर मध्ये मोकळा असेल तर जो जबडा सैल तो आधी पळेल, दुसरा जागेवर.

लेथ_आणि_लाकूड
बरोबर, हे राहिलं होतं. एका जबड्याच्या मुख्य पिनेच्या वर ८० मिमीवर आणि दुसऱ्याच्या पिनेच्या खाली ८० मिमीवर भोक घेऊन ४० × १० ची पट्टी तिरकी जोडा, १६ मिमीच्या पिना. एक जबडा फिरला की दुसरा तेवढाच उलटा फिरतो. पट्टीची लांबी टाके मारून, जबडे बंद-उघड करून ठरवा, मगच भोक पाडा.

हायड्रो_नाशिक
हायड्रॉलिकचा भाग. टिपिंगची लाइन एकेरी असते: तेल जातं आणि ट्रॉलीच्या वजनाने परत येतं. ग्रॅपलला दोन्ही बाजूंनी तेल लागतं. शिवाय बऱ्याच ट्रॅक्टरवर टिपिंगला तेल वळवलं की लिफ्ट जागेवर थांबते. स्प्रिंगने उघडणारा एकेरी सिलिंडर लावून भागवता येतं, पण प्रत्येक ओंडक्याला नॉब फिरवा, लिफ्ट उचला, परत फिरवा, असला वैताग होतो.

एक स्पूलचा (एका लिव्हरचा) डीसी व्हॉल्व्ह, म्हणजे तेल दोन्ही बाजूंना वळवणारा व्हॉल्व्ह, घ्या. दोन गोष्टी बघून घ्या. एक, ओपन सेंटर हवा, कारण गिअर पंप सतत तेल ढकलत असतो, त्याला मध्य स्थितीत वाट मिळाली पाहिजे. दोन, पॉवर बियाँड पोर्ट हवा. लोक इथे फसतात. साध्या व्हॉल्व्हचं मधलं तेल टाकीकडे जातं. तो पंप आणि लिफ्टच्या मध्ये बसवला की ग्रॅपल चालतो, लिफ्ट मात्र उठत नाही. मग पंप खराब झाला म्हणून पंप खोलतात. पॉवर बियाँडमधून तेल पुढे लिफ्टला आणि व्हॉल्व्हची रिटर्न वेगळ्या पाइपने हाउसिंगला, अशी जोडणी.

व्हॉल्व्हवरचा रिलीफ (जास्तीचा दाब सोडणारा भाग) गेज लावून १४०-१५० बारला सेट करा आणि तुमच्या ट्रॅक्टरच्या रिलीफपेक्षा वर नेऊ नका. होज पाव इंची, दोन जाळीची, तिचा वर्किंग प्रेशर ४०० बारपर्यंत असतो. पंपाकडून व्हॉल्व्हपर्यंत आणि रिटर्नला मात्र अर्धा इंच, बारीक ठेवलात तर तेल तापतं. सिलिंडरला १२ लिटर प्रति मिनिट तेल मिळालं तर जबडा दोन सेकंदांत मिटतो, सव्वा सेकंदात उघडतो. यापेक्षा वेगवान नको.

पायलट चेक व्हॉल्व्ह (लिव्हर हलवेपर्यंत सिलिंडरमधलं तेल अडवून धरणारा) सिलिंडरवरच बसवा. डीसी व्हॉल्व्हचा स्पूल थोडाफार गळतोच, ओंडका दोनशे मीटर नेईपर्यंत पकड सैल होते. आणि होज फुटली तरी जबडा बंद राहतो. चेक व्हॉल्व्ह ट्रॅक्टरच्या बाजूला बसवला तर या दुसऱ्या गोष्टीचा काही उपयोग नाही.

पेठरोड_७१
एवढं सगळं करण्यापेक्षा साखळीचा साधा चिमटा का नको? कात्रीसारखे आडवे छेदणारे दोन जबडे, वरच्या टोकांना साखळ्या, साखळ्या एका कडीला. लिफ्ट उचलली की वरची टोकं जवळ येतात, खालची लाकडात रुततात. जितकं ओढाल तितकी पकड घट्ट. तेल नाही, होज नाही.

हायड्रो_नाशिक
रोजचे चार-सहा ओंडके असतील तर तोच करा, मी विरोध करणार नाही. प्रत्येक वेळी खाली उतरून चिमटा लावावा लागतो एवढंच. साखळी १० मिमी, ग्रेड ८०. हार्डवेअरच्या दुकानातली झोपाळ्याची साखळी नको.

बांधावरचा_निफाड
ओंडके पुष्कळ आहेत आणि पुढे जुनी बाग काढताना वेलांची खोडं, अँगल पण उचलायचे आहेत. हायड्रॉलिकच करतो. फ्रेम कशी घेऊ?

सातपूर_फॅब
थ्री पॉइंटच्या कॅटेगरी १ ची प्रमाण मापं: खालच्या पिना २२ मिमी, त्यांच्या आतल्या खांद्यांमधलं अंतर ६८३ मिमी, वरची पिन १९ मिमी, उंची ४६० मिमी. काही अरुंद ट्रॅक्टरना १एन येते, तिथे अंतर ४०० असतं. तुमच्या ट्रॅक्टरवर टेप लावूनच कापा. फ्रेम ७५ × ७५ × ५ च्या चौकोनी पाइपची. खालच्या पिना पाइपच्या तोंडाला नुसत्या वेल्ड करून लटकत्या ठेवू नका, दोन १२ मिमी प्लेटांमधून आरपार घ्या आणि नट लावा.

उंची नीट बघा. लटकन आणि स्विव्हल (फिरता सांधा) २० सेंमी, वरचा हात २०, जबडा ४०: मिळून ८० सेंमी. लिंक पूर्ण खाली असताना पिना जमिनीपासून २० सेंमीवर असतील, तर ग्रॅपल टांगायची आडवी पट्टी पिनांच्या ६० सेंमी वर हवी. ही उंची कमी पडली तर ग्रॅपल जमिनीवर आडवा पडतो, लिफ्ट उचलली तरी टोकं मातीत राहतात. आणि लक्षात ठेवा, थ्री पॉइंट खाली दाबत नाही, फक्त वजनाने खाली येतो. जबडा मातीत खुपसून ओंडका उकरता येणार नाही.

स्विव्हल: ४० मिमी पिन, वरून ५११०८ थ्रस्ट बेअरिंग, खाली लांब बुश, कॅसल नट आणि स्प्लिट पिन. त्याच्याखाली आडवी बिजागरी, म्हणजे ओंडका मागेपुढे झुकू शकेल. दोन्ही हालचाली हव्यातच. पकड घट्ट बसवली तर वळताना ओंडका लोअर लिंक पिळतो. स्विव्हलला दोन्ही बाजूंना ६० अंशांवर अडथळा ठेवा, नाहीतर होज गुंडाळली जाते. चेक चेन (लोअर लिंक बाजूला हलू न देणाऱ्या साखळ्या) आवळून ठेवा.

सिन्नर_वेल्डर
एक धोका कोणी बोललं नाही. टांगायची पट्टी ८० सेंमीवर, ओढताना लिफ्ट वर असली की ११० वर. ओंडका दगडात किंवा खुंटाला अडकला तर ओढ तेवढ्या उंचीवरून लागते, मागच्या एक्सलच्या बरीच वर. क्लच सोडला की ट्रॅक्टर मागच्या चाकांवर उभा राहतो. हे सेकंदभरात होतं, ब्रेक मारायला वेळ मिळत नाही.

उपाय सोपा आहे. फ्रेमच्या खालच्या आडव्या पाइपपासून ग्रॅपलच्या डोक्यापर्यंत १० मिमी ग्रेड ८० ची साखळी. ग्रॅपल सरळ लटकत असताना सैल, मागे साधारण २० अंश झुकला की ताठ. मग ओढ खालच्या पाइपवर येते. चालताना ओंडक्याचं टोक २५-३० सेंमीच्या वर नको. पहिला लो गिअर, आणि अडकलं तर क्लच दाबून जबडा उघडा, रेस वाढवू नका. रोल बार असेल तर बेल्ट लावा.

सातपूर_फॅब
मान्य. ही साखळी ऐच्छिक समजू नका.

वणीकर
बागेच्या टोकाला वळताना शेपूट आत कापते, १० फुटी ओंडका शेवटच्या खांबाला आणि ताणाच्या तारांना हमखास लागतो. हेडलँड (ओळींच्या टोकाची वळायची जागा) कमी असेल तर ओंडके ८ फुटीच कापा. ओळीत तर आडवा ओंडका शिरणारच नाही, ९ फुटी ओळ म्हणजे पावणेतीन मीटर.

आणि निलगिरी-सुबाभळीचं ठीक आहे, पण बांधावर आंबा, जांभूळ, चिंच किंवा साग असेल तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात ती झाडं येतात. स्वतःच्या जमिनीत असली तरी आधी परवानगी घ्या.

बांधावरचा_निफाड
बदललेली यादी: १६ मिमी प्लेटचा एकेरी जबडा, १२ मिमीचा दुहेरी, पिना ३५० वर, सिलिंडर ५०/३०/२००, तिरकी पट्टी, एक स्पूल ओपन सेंटर पॉवर बियाँडसह, पायलट चेक सिलिंडरवर, फ्रेम ७५ चौकोनी, स्विव्हल ५११०८, खालची साखळी, पुढे ५० किलो. ट्रॅक्टरचं तेल किती कमी होईल?

हायड्रो_नाशिक
सिलिंडरमध्ये ०.४ लिटर, होज धरून अर्धा-पाऊण. जोडल्यावर जबडा पाच-सहा वेळा रिकामा पूर्ण उघडा-मिटा, हवा निघेल, मग डिपस्टिक बघून तेच तेल भरा. तेल गिअरबॉक्सशी एकच असतं, म्हणून नव्या होज जोडण्याआधी हवा मारून साफ करा, आत कापलेल्या रबराचा भुगा असतो. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा फिरवा.

बांधावरचा_निफाड
आणि क्विक कपलर उन्हात लागत नाहीत अशी तक्रार ऐकली आहे.

हायड्रो_नाशिक
काढताना होजमध्ये दाब अडकतो, एप्रिलच्या उन्हात तेल फुगतं आणि कपलर परत बसत नाही. काढण्याआधी ग्रॅपल जमिनीवर टेकवा, जबडा रिकामा ठेवा, इंजिन बंद करा, डीसी व्हॉल्व्हचा लिव्हर दोन्ही बाजूंना दोन-तीनदा हलवा, मग काढा. होजवर रंगीत टेप लावा, नाहीतर उलट जोडल्यावर मिटायच्या लिव्हरने जबडा उघडतो.

सिन्नर_वेल्डर
रंग द्यायच्या आधी रिकाम्या ग्रॅपलने आणि मग २० सेंमीच्या ओंडक्याने दिवसभर काम करून बॉसशेजारी तडा आहे का बघा. रंगाखाली तडा दिसत नाही. ड्रॉइंग झालं की इथे टाका, पट्टीची भोकं कुठे येतात ते बघून सांगतो.